आखाजीची मेंदी, कुसुमचा अंगठा

२७ एप्रिल, रविवार

सकाळी सव्वासातला शैलाचा फोन. "उठली का गं? मंगळवारचं पक्कं ना? साडेपाचला गाडी घेऊन खाली येते. हॉर्न नाही वाजवणार." म्हणजे वाजवणार.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी तिघींनी कुसुमच्या माहेरी, जसोंडीच्या मळ्यात जायचं. पाला तोडायचा, वाटायचा, हाताला लावायचा, झोके घ्यायचे, ऊन चढायच्या आत परत. शाळेपासूनचं आहे. एकदाच सुटलं, शैलाच्या बाळंतपणात. तेव्हाही पाला तिच्या उशापर्यंत गेला होता.

मंगळवार हा माझा मजकुराचा दिवस. पेपरातलं सदर सुरू झाल्यापासून दुपारी दोनची वेळ चुकवलेली नाही. उद्याच लिहून ठेवावं.

दुपारी कुसुमचा फोन. आवाज बसका. शुक्रवारी भास्करनं, तिच्या धाकट्या भावानं, नोंदणीच्या ऑफिसात वेळ घेतली आहे. वडील जाऊन दोन वर्षं झाली. मळ्याच्या कागदावर आता भाऊ-बहीण दोघांची नावं. तिनं हक्कसोड करून द्यायची.

"मशीनवर अंगठा ठेवला की झालं म्हणे. पाच मिनिटांचं काम."

"तुला करायचंय का?"

"सगळ्याच करतात." मग लगेच, सांजोऱ्या वीस पुरतील की तीस करू.

२९ एप्रिल, मंगळवार

मजकूर पहाटेच पाठवला. हॉर्न वाजला. दोनदा.

सूर्य वर यायच्या आत मळ्यात. पाणी नुकतंच सुटलेलं, केळीच्या रांगांतून गार वास. मेंदीचं कुंपण यंदा डोक्याएवढं झालंय. कुसुमच्या वडिलांनी लावलेलं. ढोरं तोंड लावत नाहीत म्हणून लावलं होतं, पोरींच्या हौशीसाठी नाही. पण आखाजी आली की कोपऱ्यातल्या निंबाला दोर बांधून झोका तेच टाकायचे. केळीच्या चिकानं काळे पडलेले त्यांचे हात, आणि आम्ही तिघी त्यांच्यापुढे लाल तळवे नाचवायचो. म्हणायचे, "तुमचा रंग पंधरा दिवस. माझा बघा, सरणावर जाईल."

पाटा विहिरीपाशीच असतो. काथ, लिंबू, चहाचं पाणी. वाटायचं काम शैलाचं, कारण तिचे दंड आमच्या दोघींएवढे. वाटता वाटता सुनेची तक्रार. "कोन आणून ठेवलेत अर्धा डझन. म्हणते, मम्मीजी, आप लोगों की मेहंदी तो बस डॉट-डॉट है. म्हटलं बेटा, तुझं डिझाइन चार दिवस, आमचं डॉट महिनाभर."

आमचं खरंच डॉट. तळव्यावर एक मोठा गोल चांद आणि बोटांच्या टोकांना टोप्या. लावायचं काम माझं. दोघींना लावून झालं की शैला मला लावते आणि सगळीकडे सांडते.

कुसुमच्या नऊ बोटांना टोप्या आणि उजवा अंगठा कोरा, ही जुनी रीत. गणित शिकवायची. खडूवर रंग उमटला की पोरं हसायची, म्हणून अंगठा मोकळा. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी सवय तीच. आज नऊ झाली आणि मी वाटी खाली ठेवली, तर म्हणाली, "अंगठा राहिला."

"आता लावतेस?"

"आता कुठं खडू धरायचाय?"

लावली. जाड लावली.

मग भास्कर आला, मागून त्याची बायको रंजना ताकाची बरणी घेऊन. भास्कर मनानं चांगला. बहिणीच्या हाताला मेंदी म्हणून पेला स्वतः तिच्या तोंडाला लावला. आणि त्याच दमात, "ताई, शुक्रवारचं झालं की इथून तारेचं कुंपण घेतो. हे मेंदीचं काढून टाकू. निंबाखाली शेड. घड भरायला गाड्या तिथंच लागतील. सावली आयती आहे ना."

कुसुमनं ताक संपवलं. "छान," म्हणाली.

रंजना म्हणाली, "झोका मग गच्चीत बांधू व ताई. पक्का, लोखंडी."

वाटीत उरलेली मेंदी झोक्याच्या फळीला फासायची, हीही आमची रीत. फळी इतक्या वर्षांत विटकरी झालीय. आज ती कुसुमनं फासली, कोपरानं. दोन्ही हात भरलेले होते.

येताना गाडीत शैला एकटीच बोलत होती.

३० एप्रिल, आखाजी

रंग काळसर लाल. असा कित्येक वर्षांत चढला नव्हता. शैलाचा फोटो आला, स्वतःच्या हाताचा, खाली लिहिलंय, "सासू नसताना एवढा रंग?" मला म्हणते, तुला नवराच नाही, तुझा कुणाच्या नावानं चढतो? संपादकाच्या, म्हटलं.

कु. चा फोटो नाही.

२ मे, शुक्रवार

अकरा वाजता कु. चा फोन. ऑफिसच्या जिन्यातून. हसत होती की रडत होती, पहिल्यांदा कळेना.

मशीन तिचं बोट घेत नाहीये. उजवा अंगठा नाही, डावा नाही, दहाही बोटं लावून झाली. दर वेळी लाल दिवा. बाबूनं ओल्या कपड्यानं पुसायला लावलं, सॅनिटायझर दिलं. मग म्हणाला, "मॅडम, मेंदी लगा के आ गए आप? लकीरें ही नहीं दिख रहीं." मोबाइलवर ओटीपीचे आकडे मागवता येतात, पण आधारला जोडलेला नंबर जुना, केव्हाच बंद पडलेला.

भास्कर जिन्यात डोक्याला हात लावून. "ताई, नेमकी आत्ताच?" रंजना म्हणाली, "दरवर्षी तर अंगठा सोडत होत्या ना ताई?"

नवी वेळ एकवीस तारखेची. तोवर रंग उतरेल.

शैलाला कळल्यावर ती पाच मिनिटं नुसती हसली. "भाऊ किती जीव लावतो बघ. रंगच सोडेना."

मी पण हसले. फोन ठेवल्यावर हसू गेलं.

३ मे, शनिवार

लिहून टाकते, इथे कोण वाचणार आहे.

मला माहीत होतं. काही वर्षांमागं स्पर्धा परीक्षेच्या केंद्रावर मुलींना दारात अडवलं होतं. लग्नसराई, हातांवर मेंदी, मशीन बोट ओळखेना. ती बातमी माझीच. मथळासुद्धा मीच दिलेला. शुक्रवारी कु. ला मशीनवर अंगठा ठेवायचाय हे तिनंच मला रविवारी सांगितलं होतं. मंगळवारी मी तिच्या दहाही बोटांना टोप्या घातल्या, आणि अंगठ्याला सर्वांत जाड.

विसरले होते का? लावताना ती बातमी डोक्यात नव्हती, हे खरं. पण "अंगठा राहिला" म्हणाली तेव्हा मला बरं वाटलं होतं. का बरं वाटलं, ते

५ मे, सोमवार

सदरासाठी मेंदीवर सहाशे शब्द लिहिले. पाला, काथ, लिंबाची फोड, सुनांचे कोन. वाचणाऱ्यांना आवडेल. जे लिहायचं होतं त्यातलं एक अक्षर नाही. उद्या पहाटे पाठवेन.

८ मे, गुरुवार

कु. कडे गेले. दार उघडताच लिंबाचा वास. ओट्यावर अर्धा डझन पिळलेली लिंबं. रंजना रोज सकाळी फोन करते. "ताई, रंग उतरला का?" कालचा सल्ला खायचा सोडा. आजचा भांडी घासायचा साबण. जन्मभर बायका विचारत आल्या, रंग किती चढला. आता हे.

कु. चे यजमान वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "तुझ्या माहेरचं तू बघ, मी मध्ये पडत नाही." चांगला माणूस आहे. मध्ये पडला असता तर बरं झालं असतं.

मी असतानाच भास्कर आला. केळ्यांची फणी घेऊन, नेहमीसारखा. तिचा हात हातात घेऊन उजेडाकडे धरला, डॉक्टरासारखा. "उतरतोय हळूहळू. टेन्शन नको घेऊ ताई. तू मुद्दाम थोडीच केलंय." मग मला, "ताई, तुमच्या हातची मेंदी लय स्ट्राँग हो."

मी केळं सोलत होते. सोलतच राहिले.

तो गेल्यावर कु. लिंबाच्या साली गोळा करत म्हणाली, "लहानपणी मी त्याला शाळेत पाठुंगळीवर नेलाय. आता तो मला गाडीतून नेणार. वाईट काय आहे यात?"

"मग सोडवत नाही ते काय?"

साली बादलीत टाकल्या. "तो कोपरा. निंब आणि कुंपणाची एक ओळ. केळीतलं एक झाड नको मला."

"माग त्याच्याकडे."

"माहेराहून मागतात का? ते देतात, आपण घेतो. मागितलं की ते माहेर राहत नाही."

११ मे, रविवार

शैलाचा हुकूम: तोंडं पाडून बसायचं नाही, फिरायला चला. संध्याकाळी तिघी राजघाटावर. पाणी खाली गेलंय, पायऱ्या तापलेल्या. रुमाल टाकून बसलो. मावा जिलेबीचा पुडा मधे. पलीकडे जैनाबादच्या बाजूला म्हशी पाण्यात. शैलानं सँडल काढून पाय पाण्यात सोडले आणि जाहीर केलं, "मी इथून उठत नाही. सुनेला सांगा, सासू नदीला दिली."

खूप हसलो. कु. सुद्धा. नववीत विज्ञानाच्या बाईंच्या खुर्चीला शैलानं मेंदी फासली होती ते निघालं. बाई दिवसभर मागे लाल चांद घेऊन फिरल्या.

अशा वेळी बोलायला नको होतं, पण बोलले. बातमीचं, रविवारच्या फोनचं, सगळं. "मला माहीत होतं कुसुम. आठवलं नाही म्हणणं सोपं आहे, पण माहीत होतं."

शैलाची जिलेबी हातात राहिली.

कु. उठली, पुड्याचा कागद चुरगळून पिशवीत घातला. "चला, अंधार पडेल." एवढंच.

गाडीत मागे बसली. उतरताना माझ्याकडे पाहिलं नाही.

१४ मे, बुधवार

तीन दिवस फोन नाही. मी केला, उचलला नाही. शैलाला फोन केला. ती म्हणाली, "तू पण ना. इतकी वर्षं बातम्या लिहिल्यास, एक दाबता नाही आली?"

माझ्या बोटांवरच्या टोप्या नारिंगी झाल्यात.

१५ मे, गुरुवार

कु. दुपारी दोन वाजता दारात. बाहेर चव्वेचाळीस. छत्री, डोक्यावर ओला टॉवेल. पाणी प्यायली, दुसरा पेला प्यायली, मग म्हणाली:

"अंगठा कुणी पुढे केला?"

"तू."

"मग तुझी चूक कशी?"

"तुला माहीत होतं?"

"शाळेत पोषण आहाराच्या बाईचा अंगठा असाच लागला नव्हता. मीच तिला ओरडले होते, लगीन होतं तर एक बोट कोरं नाही ठेवायचं?" हसली. "पण त्या दिवशी मनात काय होतं, मला सांगता येत नाही. भास्करनं शेडचं तर नंतर सांगितलं. आधीच हात पुढे गेला होता."

म्हणजे आम्ही दोघी. एकीनं पुढे केला, एकीनं जाड लावली, आणि दोघींनी एकमेकींना काही विचारलं नाही.

"राग कशाचा मग? चार दिवस?"

"तू बोललीस याचा. न बोलता चाललं होतं ना चांगलं." मग, "आता मलाही बोलावं लागणार."

खिचडी टाकली. दोघी पंख्याखाली आडव्या झालो. ती घोरते, हे इतक्या वर्षांत पहिल्यांदा तोंडावर सांगितलं. म्हणाली, तूही.

१७ मे, शनिवार

कु. भास्करशी बोलली. फोनवर, म्हणून अर्धवट. मला आणि शैलाला जसं सांगितलं तसं:

"कोपरा तेवढा माझ्या नावानं राहू दे, म्हटलं. तो म्हणाला, ताई, कागदावर कशाला? मी नाही म्हणून राहिलोय का? तुझाच आहे तो. कधी पण ये. म्हटलं, मग शेड? म्हणाला, शेड तिथंच लागते ना, रस्ता त्या बाजूनं आहे. म्हटलं, मग माझा कसा? तर म्हणाला, तुला कुणी भरवलं का?"

शैला उसळली. "आम्ही भरवलं म्हण! सांग त्याला, दोन सांजोऱ्या आणि एक कोपरा."

कु. शांत होती. "आवाज कसा लहान झाला होता त्याचा. पाठुंगळीवर असायचा तसा. नको बोलायला होतं का गं मी?"



रंजनाचा सकाळचा फोन आज आला नाही म्हणे.

२० मे, मंगळवार

सकाळचे सव्वाआठ. हे लिहिताना कु. समोर बसलीय, दोन्ही हात टेबलावर पसरून.

सातला आली, पिशवीभर पाला घेऊन. काल एकटी बसनं जसोंडीला गेली होती. निंबाखाली तारेची भेंडोळी आणि सिमेंटचे खांब येऊन पडलेत. कुंपण अजून आहे. भास्कर भेटला. पाणी दिलं, सावलीत खुर्ची टाकली, घरचं सगळं विचारलं. उद्याचं कुणीच काढलं नाही. निघताना ही म्हणाली, थोडा पाला नेते. तो म्हणाला, "ने की. पण आत्ता कशाला?" म्हणाली, "लागेल." त्यानंच तोडून दिला. वरच्या कोवळ्या फांद्यांचा. कोवळा चांगला रंगतो, हे त्याला माहीत आहे. वडिलांनी शिकवलेलं.

माझ्याकडे पाटा नाही. मिक्सरमधून काढला. शैलाला फोन केला, तर म्हणाली, "मिक्सरची चढत नाही. थांबा, मी येतेय, माझ्याशिवाय लावलीत तर बघा." हॉर्नची वाट बघत थांबलो नाही.

डावा हात झाला. चांद, पाच टोप्या. उजव्याचा चांद झाला, चार बोटं झाली. अंगठा तिनं पदराच्या टोकात गुंडाळून ठेवलाय. मी विचारलं नाही. आता परत न विचारता करायचं नाही असं ठरवलं होतं, तरी तोंड उघडेना.

मग तिचा फोन वाजला. भास्कर. तिचे हात भरलेले, मीच बटण दाबून स्पीकरवर टाकला.

"ताई, अंगठा साफ झाला ना?"

"साफ आहे."

"उद्या दहाला येतो मग. गाडी दारापर्यंत आणतो, ऊन आहे."

"नऊला ये. गाडीत बोलू."

"काय बोलायचंय?"

"गाडीत."

"बरं. नऊला. नाष्टा करू नको, रंजना सांजा देणार आहे." फोन ठेवला.

कु. नं डोळे मिटले. पंख्यानं मेंदी कडेनं वाळायला लागलीय, सांडू नये म्हणून कोपर टेबलाला टेकवून बसलीय. मजकूर दोनला द्यायचा आहे. एक ओळ झालेली नाही आणि आज मला त्याचं काही वाटत नाही.

"वाटीत उरलीय का?" आत्ता विचारलं तिनं, डोळे न उघडता.

"थोडी आहे."

एका बोटापुरती. दरवर्षी उरलेली झोक्याच्या फळीला लावतो. इथे फळी नाही. पदराचं टोक अजून अंगठ्याला गुंडाळलेलं आहे. खाली हॉर्न वाजतोय.